जांभूळबेट आणि वेंगुर्ल्याची वल्ही

गंगाखेड मागे टाकून गोदावरी पूर्णेच्या दिशेने निघते, तेव्हा पालम तालुक्यात एका जागी तिचे पात्र दुभंगते. दोन धारांच्या मध्ये जमिनीचा एक हिरवा तुकडा उरतो. त्यावर जांभळाची दाट झाडी आणि झाडीत मोर. हे जांभूळबेट. कोणी बांधलेले नाही की कोणी लावलेले नाही, नदीनेच घडवलेले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण महाराष्ट्रभर ठाऊक आहे, पण परभणीत पाहायला काय आहे असे कोणी विचारले, तर उत्तर पाथरी, गंगाखेड, चारठाणा, जिंतूरजवळची नेमगिरी इथपर्यंत येऊन थांबते. पालमचे नाव त्या यादीत क्वचितच येते.

पात्रात पाणी असते तेव्हा बेटावर जायला होडीशिवाय मार्ग नाही. सुटीच्या दिवशी आसपासच्या तालुक्यांतली माणसे डबा बांधून येतात, झाडीत हिंडतात, फोटो काढतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. येताना पाण्याच्या बाटल्या आणि वेफरची पाकिटे शहरातून आणतात, जाताना रिकामी पाकिटे इथेच टाकून जातात. काठावरच्या गावातल्या बाईला या सगळ्यातून काय मिळते? बहुतेक वेळा काहीच नाही. तिच्या दारावरून माणसे जातात. तिच्या चुलीपर्यंत, तिच्या शेतापर्यंत, तिच्या बचत गटाच्या खात्यापर्यंत त्यांचा एक रुपयाही पोहोचत नाही.

तो पोहोचू शकतो. याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात, बायकांनी तो पोहोचवून दाखवला आहे. पालमच्या बाईने वेंगुर्ल्याकडे कोकण म्हणून पाहू नये, एक खाडी आणि एक बचत गट म्हणून पाहावे. मग त्या गोष्टीत तिच्या कामाचे पुष्कळ सापडेल.

वेंगुर्ल्याला मांडवी नावाची खाडी आहे. तिच्या दोन्ही काठांवर कांदळवन वाढलेले आहे. गेल्या पिढीपर्यंत या झाडीला गावात फारशी किंमत नव्हती. सरपणाला तोडावी, चिखल आणि डास म्हणून नाक मुरडावे, भराव टाकून जागा काढावी, असा तिचा उपयोग. मासे विकणाऱ्या घरांतल्या काही बायकांनी ‘स्वामिनी’ नावाचा बचत गट काढला होता. २०१७ साली या गटाने त्याच झाडीतून पाहुण्यांना होडीने फिरवायला सुरुवात केली. गटात पुढाकार घेणाऱ्या श्वेता हुले यांचे नाव पुढे वर्तमानपत्रांतून राज्यभर गेले. पण त्या वेळी कांदळवन पाहायला कोणी पैसे मोजेल, हे गावालाच खरे वाटत नव्हते.

या सुरुवातीमागे आधाराचे दोन खांब होते आणि ते नीट सांगितले पाहिजेत, नाही तर गोष्ट नुसती जिद्दीची होऊन बसते. पहिला खांब म्हणजे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर चाललेला सागरी जैवविविधतेचा प्रकल्प. किनाऱ्यावरच्या माणसाचे पोट भरेल अशा रीतीनेच किनारा राखायचा, हा त्याचा रोख होता. दुसरा खांब वन विभागाचा कांदळवन कक्ष. तो २०१२ मध्ये स्थापन झाला. २०१७ मध्ये राज्य शासनाने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजना आणली. खेकडापालन, कालवेपालन, शोभिवंत मासे आणि निसर्ग पर्यटन यांसाठी गावातल्या गटांना तिच्यातून पैसा मिळू लागला. सामूहिक प्रकल्पाच्या खर्चातला ९० टक्के वाटा शासनाचा आणि १० टक्के गटाचा.

मग बायकांनी अभ्यास केला. या गोष्टीतला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि तोच नेहमी घाईने सांगितला जातो. कांदळ कोणते, तिवर कोणते, चिपी कशी ओळखायची, चिखलातून वर आलेली श्वासमुळे कशासाठी असतात, कांदळाचे बी झाडावर असतानाच कसे रुजते आणि लांब कोंब होऊन चिखलात कसे रोवले जाते, पक्षी कोणते आणि ते कोणत्या महिन्यात दिसतात, हे सारे त्यांनी शिकून घेतले. यातले पुष्कळसे त्यांना आधीपासून माहीत होतेच, कारण आयुष्य त्याच पाण्यात गेले होते. फक्त ते ज्ञान आहे आणि कोणाला तरी ऐकायचे आहे, असे तोवर कोणी त्यांना सांगितले नव्हते. होडी इंजिनाची नाही, वल्ह्यांची. त्यामुळे पाण्यात तेल पडत नाही, आवाजाने पक्षी उडत नाहीत, आणि डिझेलचा खर्च नसल्यामुळे तिकिटातला मोठा हिस्सा हातात राहतो. पर्यावरणाची काळजी आणि धंद्याचा हिशोब इथे एकाच वल्ह्याने साधला.

२०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केला. देशात असे करणारे हे पहिले राज्य. त्याच्या तीन वर्षे आधीपासून वेंगुर्ल्याच्या बायका पाहुण्यांना हे झाड हात करून दाखवत होत्या.

आता यातले पालमला लागू पडणारे काय आणि न पडणारे काय, हे वेगळे करायला हवे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. शेजारी गोवा आहे. चिपी गावचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यातल्या मोपाचा २०२३ मध्ये. म्हणजे गिऱ्हाईक आधीच दाराशी होते, स्वामिनीने त्याला खाडीकडे वळवले. पालमला हे नाही. इथे गिऱ्हाईक आणावे लागेल, किंवा जे जवळून जाते आहे त्याला थांबवावे लागेल. तरी तसे गिऱ्हाईक अगदीच नाही असेही नाही. तास-दीड तासाच्या अंतरावर नांदेड आहे आणि हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून माणसे येतात. शेजारी गंगाखेड, संत जनाबाईंचे गाव. पालम तालुक्यातच फळा येथे संत मोतीराम महाराजांचे स्थान आहे आणि तिथून पंढरीला पालखी जाते. परभणी शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथे विद्यार्थी, संशोधक आणि शेतकरी मेळाव्यांसाठी वर्षभर माणसांची ये-जा चालते. शिवाय नांदेड, परभणी, लातूर या तिन्ही शहरांत रविवारी मुलांना कुठे न्यावे या विवंचनेत असलेला नोकरदार वर्ग आहे. त्याला कोकण लांब पडते. जांभूळबेट लांब पडत नाही.

लागू पडणारा भाग मात्र स्पष्ट आहे. वेंगुर्ल्याच्या बायकांनी पर्यटकाला जेवण वाढण्यापासून सुरुवात केली नाही. ज्या गोष्टीसाठी पर्यटक येतो, तीच त्यांनी हातात घेतली. होडी त्यांची, तिकीट त्यांचे, माहिती त्यांच्या तोंडून. एरवी ग्रामीण पर्यटनात बाईच्या वाट्याला येतो तो स्वयंपाक. मालक वेगळा, वाहन वेगळ्याचे, आगाऊ नोंदणी शहरातल्या कोणाकडे, आणि पहाटेपासून भाकऱ्या थापणारी बाई रोजंदारीवर. यातून तिला चार पैसे मिळतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो तिचा व्यवसाय होत नाही. शेतात मजुरी करायची ती चुलीपुढे करायची, एवढाच फरक पडतो. पालममध्ये हे नव्याने मांडायचे असेल, तर पहिला प्रश्न होडीचा आहे. भाकरीचा प्रश्न त्यानंतर येतो.

महाराष्ट्रात या दोन्हींच्या मधल्या वाटाही आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ही अंडी राखण्याचे काम हाती घेतले आणि २००६ पासून गावात कासव महोत्सव भरू लागला. अंड्यातून निघालेली पिले समुद्राकडे जाताना पाहायला माणसे येऊ लागली. गावात हॉटेल नव्हते, म्हणून ती लोकांच्या घरांत उतरू लागली. घरातली बाई ओळखीचेच जेवण करी आणि त्याचे पैसे मिळत. इथे कासवांची राखण एका बाजूला आणि पाहुणचार दुसऱ्या बाजूला राहिला, पण पैसा घरात आला. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पावसाळ्याच्या तोंडाशी काजवे पाहायला माणसे जातात. तिथे पाहुणे घराघरांत पाळीने वाटले जातात. पाळीचा हा नियम दिसायला साधा, पण फार शहाणपणाचा आहे. रस्त्याकाठच्या दोन-तीन पक्क्या घरांनी सगळे पाहुणे ओढून घेतले, की गावात पर्यटन राहत नाही, दोन-तीन लॉज राहतात. शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली तर पालमशी आणखी जुळणारी. कोरडवाहू माळ, चिंचेची झाडे, मोर आणि हिवाळ्यात हुरडा. एवढ्या भांडवलावर पुण्याची माणसे तिथे जातात.

राज्याबाहेर पाहायचे तर केरळातले कुमारकोम आहे. २००८ च्या सुमारास तिथे जबाबदार पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला. वेंबनाड तलावाकाठच्या मोठ्या हॉटेलांनी भाजीपाला आसपासच्या महिलांच्या कुटुंबश्री गटांकडून घ्यावा, अशी व्यवस्था ग्रामपंचायतीच्या मध्यस्थीने बसवली गेली. भाव कसे ठरवायचे, माल कोणी पोहोचवायचा, हे समितीत ठरे. म्हणजे पर्यटकाचे तोंडही न पाहता बाई त्याच्या पैशातला वाटा मिळवू शकते. परभणीत, नांदेडात लग्नकार्यालये, भक्तनिवास, खाणावळी आहेत. पालमच्या गटाची डाळ, तिखट, पापड, शेंगदाणा चटणी त्यांच्या भटारखान्यात गेली, तर तोही याच कामाचा भाग ठरतो.

आता पालमकडे परत. तालुक्याची जमीन काळी, पिके सोयाबीन, कापूस, तूर आणि रब्बीची ज्वारी. दक्षिणेला बालाघाटाचे उतार. गोदाकाठ सोडला तर पाण्याची हमी नाही. पावसाळ्यात उलट अडचण. लेंडी नदीला पूर आला की फळा, आरखेड, सोमेश्वर, उमरथडी अशा गावांचा पालमशी संपर्क तुटल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. आणि पावसाळा सरला की ऊसतोड. गंगाखेड-पालमच्या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक कारखान्यांकडे निघतात. घरात म्हातारी माणसे उरतात. मुलांपैकी काही मागे राहतात, काही बरोबर जाऊन फडातच हिंडतात.

निसर्ग पर्यटनाच्या चर्चेत न येणारी एक गोष्ट इथे दडलेली आहे. मराठवाड्यात फिरायला येण्याचे महिने कोणते? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊन सौम्य, नदीला पाणी, स्थलांतरित पक्षी आलेले, शेतात हुरडा. आणि बाई गावात नसण्याचे महिने कोणते? नेमके तेच. पर्यटनाचा हंगाम आणि कोयत्याचा हंगाम एकमेकांवर बसलेले आहेत. ज्या बाईसाठी हा उद्योग उभा करायचा, ती तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधत असते.

कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला, आणि मजुरी जमा होते ती बहुधा नवऱ्याच्या नावावर. बाईचे श्रम मोजले जातात, पण तिच्या हातात वेगळे पडत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये होतात. बाई गावात राहिली की नवऱ्याचा कोयता अर्धा होतो आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा विचारत नाही. म्हणून पर्यटनाने भरून काढायचे आहे ते एका बाईच्या मजुरीएवढे नाही, जोडीच्या मजुरीएवढे. बचत गटांच्या प्रशिक्षणांत हा हिशोब फळ्यावर मांडला गेला पाहिजे.

तो इथे मांडून पाहू. समजा दहा बायकांचा गट आहे. हंगाम चार महिन्यांचा, १२० दिवसांचा. जोडीला दिवसाला ७०० रुपये धरले तर एका घराचे ८४,००० आणि दहा घरांचे ८ लाख ४० हजार. होडी, जेवण आणि फिरवून आणणे मिळून एका पाहुण्यामागे खर्च वजा जाता ४०० रुपये उरले, असे धरू. मग हंगामात २,१०० पाहुणे लागतील. ते फक्त शनिवार-रविवारी आले, तर चार महिन्यांत असे साधारण ३४ दिवस मिळतात. म्हणजे दिवसाला बासष्ट माणसे. सहा-सहा जणांच्या दोन होड्या असल्या तर प्रत्येकीच्या पाच-सहा फेऱ्या. आकडा अवघड आहे, पण आवाक्याबाहेरचा नाही. आणि दहाही घरे ऊसतोडीला जाणारी नसतात. काहींची थोडी शेती असते, कोणी एकट्या असतात, कोणी विधवा असतात, ज्यांच्या वाट्याला कोयताही येत नाही. त्या पहिल्या वर्षी वल्हे धरतील. कोयत्यावर जाणाऱ्या दोन किंवा तीन जोड्या थांबवता आल्या, तरी त्या घरांतल्या मुलांची शाळा दिवाळीनंतर तुटणार नाही. आणि वल्हे मारायला, जड कामाला नवराही हवाच आहे. त्याला मजुरी गटाने द्यावी. पैसा कोणाच्या खात्यातून कोणाच्या खात्यात जातो, याने घरातल्या बोलण्याची रीत बदलते.

हा गट नदीवर काय विकेल, हे शोधायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही. हुरडा आहे. या भागातल्या बाईला आगटी कशी पेटवायची, कणसे किती भाजायची आणि हातावर कशी चोळायची हे शिकवावे लागत नाही. कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हे ज्वारीचे वाण दिलेले आहे. पेरणी दहा-दहा दिवसांच्या अंतराने केली, तर हुरड्याचा हंगाम लांबवता येतो. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आहे, लोक तिला येळवस म्हणतात. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी शहरे ओस पडतात आणि शेते भरतात, आणि त्याला लागून असलेल्या परभणी-नांदेडच्या गावांतही ती पाळली जाते. कडब्याची कोपी, तीत मांडलेले पांडव, हरभऱ्याच्या आणि वालाच्या दाण्यांसह सगळ्या पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली आंबील, गव्हाची खीर. ज्यांची शेती सुटली आणि जे शहरात दोन खोल्यांत राहतात, त्यांना हे ताट परत हवे आहे. अनोळखी घरालाही त्या दिवशी शेतावर बोलावून जेवू घालण्याची रीत आहे, तेव्हा येळवसेच्या दिवशी पैसे मागणे अनेकींना पटणार नाही. ते पटू नयेच. तो दिवस गावाचा राहू द्यावा. मात्र त्या ताटातले पदार्थ पुढचे दोन महिने शनिवार-रविवारी विकायला काही हरकत नाही.

आणि बेटाचे नाव ज्यावरून पडले ते जांभूळ. जूनच्या आसपास ते पिकते आणि दोन दिवसांत नासते. टोपलीने विकले तर भाव व्यापाऱ्याचा. गर काढून गोठवला, सरबत केले, बिया वाळवून भुकटी केली, तर ते सहा महिने टिकते. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली झाडे शेतकऱ्यांच्या मालकीची आहेत, जांभूळबेटाची तशी नाहीत, हे विसरून चालणार नाही. बेटावरचे फळ आधी मोरांचे, वटवाघळांचे आणि पक्ष्यांचे. गटाने जांभूळ घ्यावे ते गावातल्या बांधावरचे, आणि बेटाचे नाव बाटलीवर मिरवायचे असेल तर त्याच्या मोबदल्यात दर पावसाळ्यात काठावर रोपे लावावीत. झाडांची मुळे काठाची माती धरून ठेवतात, आणि नदीतल्या बेटाला त्याहून मोठी गरज दुसरी कोणती नसते. प्रत्येक पूर काठ थोडा थोडा नेतो. गोदावरीतला वाळूउपसा ही त्याच्या जोडीला माणसाने केलेली झीज. ज्या बेटावर बायकांची रोजी अवलंबून आहे, त्या बेटाजवळ रात्री यंत्र लागले तर तहसील कार्यालयात निवेदन घेऊन जाणारे कोणीतरी तयार होते. हा पर्यटनाचा सगळ्यात मोठा लाभ ठरेल.

गर्दीचे भय खरे आहे. मोर लाजरा पक्षी. डीजेचा एक रविवार त्याला महिनाभर झाडीबाहेर येऊ देणार नाही. वेंगुर्ल्याने इंजिन नाकारले, तसे पालमला काही नकार आधीच ठरवावे लागतील. ध्वनिवर्धक नाही, बेटावर चूल नाही, मुक्काम नाही, एका वेळी ठरावीक माणसांपलीकडे कोणी नाही. जेवण काठावर, गावात. याने बेटही वाचते आणि गावाचा धंदाही वाढतो, कारण माणूस जिथे जेवतो तिथेच पैसा सोडतो. होडीच्या सुरक्षेत तर तडजोड नाहीच. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, वारा उठला की फेरी बंद, पुराच्या दिवसांत होडी काठावर उलटी ठेवलेली. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिन नसलेल्या होड्यांच्या नोंदीत स्थानिक स्वराज्य संस्थांना भूमिका आहे. ग्रामपंचायतीने ती अंगावर घ्यावी. नदीत पिढ्यान्‌पिढ्या होडी चालवणारी भोई समाजाची माणसे आहेत. पाण्याची ओढ कुठे, भोवरा कुठे, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही. बायकांना वल्हे शिकवणारे गुरू तेच, आणि गटाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा असलाच पाहिजे. भोयांना बाजूला सारून उभे राहिलेले महिलांचे पर्यटन हे कोणाच्या तरी ताटातले ओढून घेणे होईल.

पैशाचे मार्ग आहेत. ‘उमेद’ म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान गावोगाव पोहोचलेले आहे, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ आहेत. माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करते. पर्यटन विभागाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२३ मध्ये ‘आई’ हे महिलांसाठीचे पर्यटन धोरण आणले. ‘आई’मध्ये पर्यटन व्यवसायासाठी बाईने घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचे १२ टक्क्यांच्या मर्यादेतले व्याज शासन परत करते, सात वर्षे किंवा व्याजाची रक्कम साडेचार लाखांपर्यंत जाईपर्यंत. व्यवसाय महिलेच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला असला पाहिजे ही अट आहे, आणि ती योग्यच आहे.

अडते ते त्याच्या आधी. व्याज परत मिळते ते कर्ज मिळाल्यावर. कर्ज देताना बँक पाहते सातबारा, आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव नसते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर पुढच्या काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, नवऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन करून द्यावी म्हणून गावेच्या गावे हिंडली. पुढे पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय शासनानेही केली. ती सोय आजही आहे आणि आजही फार थोडी घरे तिचा उपयोग करतात. पालममध्ये एखाद्या गटाला काठावर स्वयंपाकघर आणि चार पाहुण्यांची खोली बांधायची असेल, तर तलाठ्याकडचा हा एक अर्ज पर्यटन संचालनालयाच्या कोणत्याही पत्रकाइतकाच महत्त्वाचा आहे.

बेट कोणाचे, हा प्रश्न तरीही उरतो. नदीचे पात्र सरकारी, म्हणजे उद्या एखाद्या कंत्राटदाराला होडीचा ठेका देता येईल अशी जागा. इथे २००२ चा जैवविविधता कायदा उपयोगी आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि नियमांप्रमाणे तिच्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात. झाडे, पक्षी, मासे, कंद, औषधी यांची लोकनोंदवही ठेवणे हे त्या समितीचे काम. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावर असते आणि नोंदवही बाहेरच्या माणसाने भरून दिलेली असते. जांभूळबेटाची नोंदवही काठावरच्या बायकांनी स्वतः भरली, कोणत्या महिन्यात कोणता पक्षी आला, किती मोर दिसले, कोणत्या बाजूचा काठ ढासळला हे लिहून ठेवले, तर त्या अभ्यासातूनच पाहुण्यांना सांगायची माहिती तयार होईल आणि बेटावरचा त्यांचा हक्कही कागदोपत्री बसेल. जळगावच्या लांडोरखोरीला, जिथे मोर आहेत म्हणूनच ते नाव पडले, जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळालेला आहे. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जुन्या जंगलालाही आहे. जांभूळबेटासाठी तशी मागणी करायची, तर तीही ग्रामपंचायतीकडूनच सुरू व्हायला हवी.

ऊसतोडीची उचल घरात येते ती पावसाळ्यातच, हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी. लग्न, दवाखाना, खत-बियाणे यांत ती दिवाळीपूर्वी संपलेली असते. तेव्हा या दिवाळीला ज्या जोड्या निघाल्या, त्यांना आता कोणी थांबवू शकत नाही. पुढच्या हंगामासाठी थांबवायचे असेल तर काम आत्ताच सुरू व्हावे लागेल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत होडीच्या हक्काचा आणि बेटावरच्या नियमांचा ठराव. उन्हाळ्यात, पाणी संथ असताना, वल्ह्यांचे आणि पोहण्याचे शिक्षण. जूनमध्ये बांधावरच्या जांभळाचा पहिला गर. आणि मुकादम दारात येण्याआधी, मे-जूनमध्येच, गटाच्या खात्यात थोडे बिनव्याजी पैसे, ज्यातून एखाद्या बाईला ५,००० किंवा १०,००० हातउसने देता येतील. ग्रामसंघाच्या फिरत्या निधीतून हे करता येते. किती जोड्या उचल नाकारतील, हे त्या रकमेवर ठरेल.